रिकाम्या फिशबाऊलचं करायचं काय?

ज्या घरात कधीतरी एक लहान मूल होतं त्या घराच्या माळ्यावर काचेचा गोल फिशबाऊल असतोच असतो. आत चिकटलेले रंगीत खडे, एक प्लास्टिकचं झाड आणि माशांच्या खाण्याची अर्धी डबी. मासा कधीच देवाघरी गेलेला असतो पण बाऊल कोणी टाकत नाही, कारण काच चांगली आहे, भंगारवाला हात लावत नाही आणि शिवाय आपलं ते नेहमीचं, राहू दे, लागेल कधीतरी. तर ते कधीतरी म्हणजे नेमकं कधी, यावर हा पोस्ट. आमच्याकडे एक होता, मग मी त्याचं काय काय करते हे बिल्डिंगमध्ये कळल्यावर लोकांनी आपापले आणून द्यायला सुरुवात केली, आता माझ्याकडे बाऊलची वखार आहे.

सगळ्यात आधी एक, प्लीज त्यात परत मासा आणून सोडू नका. दुकानदार सांगतो की गोल्डफिश आहे, राहतो आरामात. नाही राहत. नीट सांभाळला तर गोल्डफिश दहा-पंधरा वर्षं जगतो आणि साधा गोल्डफिश वीतभर सहज वाढतो, त्याला त्या गोळ्यात ठेवणं म्हणजे न्हाणीघरात म्हैस बांधणं. त्यात फिल्टर नसतो, माशाच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो, तो खाऊन टाकणारे बॅक्टेरिया टँकमध्ये नीट रुजायलाच चार-सहा आठवडे लागतात आणि आपण काय करतो, दर रविवारी बाऊल लख्ख घासून सगळं पाणी बदलतो, म्हणजे बिचारे जे काय थोडे रुजले असतील ते पण गेले. वर पाणी गळ्यापर्यंत भरायचं, तिथे तोंड अरुंद, त्यामुळे हवा लागणारा पाण्याचा पृष्ठभागही कमी, ऑक्सिजनची बोंब. इटलीत रोम शहराने २००५ मध्ये गोल बाउलमध्ये मासे ठेवायला बंदीच घातली. त्यामुळे बाऊल रिकामा झाला याचं वाईट वाटून घेऊ नका, त्या कामाला तो कधी लायकच नव्हता.

मग कुठल्या कामाला लायक आहे? नेटवर फिशबाऊलच्या आयडिया शोधल्या तर शेकडो फोटो येतात आणि त्यातले निम्मे नुसते फोटोपुरते असतात. मी आता एक साधा हिशोब लावते. या भांड्याचं पोट मोठं, तोंड लहान, सगळीकडून आरपार दिसतं आणि तळाला भोक नाही. या चार गोष्टींचा जिथे फायदा होतो तिथे बाऊल वापरायचा, जिथे त्या आड येतात तिथे सरळ बरणी नाहीतर कुंडी घ्यायची.

साफसफाईचं पटकन सांगते. आतून जो पांढरा थर बसलेला असतो तो बोअरच्या नाहीतर टँकरच्या पाण्यातले क्षार, साबणाने तो हलत नाही. व्हिनेगर किंवा कोमट पाण्यात लिंबूसत्त्व घालून ते आत ओतायचं, थर पाण्याच्या वर असेल तर फडकं त्यात भिजवून तिथे चिकटवून ठेवायचं आणि तासभर विसरून जायचं. बारीक फेस येतो, तो थर विरघळत असतो. मग काथ्याने किंवा स्पंजने जाड मीठ घालून घासायचं. तारेची घासणी अजिबात नाही, एकदा चरे पडले की त्यात हिरवं शेवाळ जे बसतं ते मग जन्मभर.

आता कामाचं. माझ्या मते फिशबाऊलचा जगातला सर्वोत्तम उपयोग म्हणजे चिठ्ठ्या काढणे. हसू नका. आमच्या भिशीत आधी स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या टाकायचो आणि दर महिन्याला कोणीतरी एक जण हळूच म्हणायचंच की अगं हिची बरी सारखी लवकर लागते. बाऊल आला आणि तो विषय संपला, कारण आत किती चिठ्ठ्या आहेत, कुठली घडी जाड आहे, हात आत गेल्यावर काय करतोय, सगळं सगळ्यांना दिसतं. आणि तोंडातून एका वेळी एकच हात जातो.

मग सोसायटीच्या पार्किंगच्या लॉटरीला तोच बाऊल खाली गेला. ज्यांनी सोसायटीची पार्किंगची मीटिंग पाहिलीये त्यांना सांगायला नको, एरवी लिफ्टमध्ये हसून बोलणारी माणसं तिथे एकमेकांना बायलॉज वाचून दाखवतात. सेक्रेटरी काकांनी आधीच सगळ्या चिठ्ठ्या एका मापाच्या कापून, एकसारख्या चार घड्या घालून आणल्या होत्या, एकेक नंबर मोठ्याने वाचून आत टाकला, तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी बाऊल उचलून स्वतः हलवून बघितला, मग एका पाच वर्षांच्या मुलीच्या हाताने चिठ्ठ्या काढल्या. भांडणं झाली, नाही असं नाही, पण ती खांबाशेजारची जागा कोणाला यावरून झाली, चिठ्ठी काढण्यावरून नाही. तेव्हापासून बाऊल ऑफिसच्या कपाटात आहे आणि इन्व्हेंटरीत त्याची नोंद आहे, काचेचे भांडे, गोल, एक. चिठ्ठ्या कुठल्याही असोत, जाड कागद वापरा आणि स्टेपल करू नका, पिन लागलेली चिठ्ठी जड होऊन तळाशी जाते आणि मग परत शंका सुरू.

दुसरं, लोकर. माझ्या सासूबाई क्रोशाची तोरणं करतात, रुमाल करतात, हल्ली नातवंडांसाठी कसले कसले प्राणी पण करतात, आणि त्यांचा गुंडा कायम सोफ्याखाली गेलेला असायचा. गुंडा बाऊलमध्ये टाकायचा, धाग्याचं टोक वर काढायचं, की आत तो मजेत फिरत राहतो, बाऊलचं तोंड आत वळलेलं असल्यामुळे उडी मारून बाहेर येत नाही आणि गुळगुळीत काचेवर धागा अडकत नाही. याच कामासाठी विणकामवाल्यांच्या दुकानात लाकडाचे, चिनीमातीचे खास बाऊल मिळतात आणि किंमत बघून डोळे पांढरे होतात. फक्त काठावरून एकदा बोट फिरवून बघा, कुठे टवका उडालेला असेल तर धागा कापला जाईल, अशा बाऊलला दुसरं काम द्या.

आता पाण्यातल्या झाडांकडे येते, कारण दहातले आठ जण बाऊलमध्ये मनीप्लांटच लावतात. दिसतो भारी, मुळं आरपार दिसतात, आणि जगतो पण. सिंगोनियम, स्पायडर प्लांट, लकी बांबू हे पण पाण्यात निवांत राहतात. मला स्वतःला सगळ्यात आवडतं ते रताळं. एक रताळं तीन टूथपिक खोचून बाऊलच्या तोंडावर असं बसवायचं की खालचं टोक पाण्यात आणि वरचं बाहेर, लहान रताळं असेल तर टूथपिकऐवजी आइस्क्रीमच्या काड्या आडव्या टाकायच्या. काही दिवसांत खाली पांढऱ्या मुळांचं जंगल होतं आणि वर वेल सुटतो तो थेट खिडकीच्या ग्रिलवर. उपासाचं रताळं असं काही वागेल यावर मुलांचा विश्वास बसत नाही.

पण इथे एक मोठ्ठा पण आहे, आणि तो कुठल्याच सुंदर फोटोखाली लिहिलेला नसतो. डेंग्यूचा एडिस डास गटारात नाही, घरातल्या स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. पावसाळ्यात महापालिकेची माणसं घरोघरी टॉर्च घेऊन येतात तेव्हा ती आधी कुठे बघतात माहितीये? मनीप्लांट, लकी बांबू, कुंडीखालची थाळी, फ्रिजच्या मागचा ट्रे. अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्यातून एक वार ठरवायचा आणि त्या दिवशी पाणी पूर्ण ओतून टाकायचं. नुसतं ओतून भागत नाही. एडिस अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या भिंतीला चिकटवतो आणि ती अंडी कोरडी पडली तरी कित्येक महिने तग धरतात, परत पाणी आलं की फुटतात. त्यामुळे आतली भिंत घासलीच पाहिजे. इथे बाऊलचं लहान तोंड आडवं येतं, हात जातो पण वळत नाही, म्हणून मी बाटली धुवायचा लांब ब्रश त्याच्यासाठी वेगळा ठेवलाय. हे दर आठवड्याला जमणार नसेल तर जून ते ऑक्टोबर बाऊलमध्ये पाणी ठेवूच नका, सरळ मातीत लावा. पाण्यात गप्पी मासे सोडा म्हणजे अळ्या खातील असं कोणीतरी सुचवतंच, गप्पी खातात हे खरंय, महापालिकेवाले विहिरींत आणि मोठ्या हौदांत सोडतात पण, मात्र आपण परत माशाला बाऊलमध्ये घातलं ना.

टेरॅरियमवर, म्हणजे काचेच्या भांड्यात माती घालून लावलेल्या छोट्या बागेवर, मात्र मी जरा जास्त वेळ घालवणार आहे कारण ते खरंच जमतं. काचेत झाडं वाढवण्याचं श्रेय जातं लंडनच्या डॉ. नॅथॅनिएल वॉर्ड यांना. १८२९ च्या सुमाराला ते एका बंद बरणीत पतंगाचा कोश ठेवून तो फुटायची वाट बघत होते आणि त्या बरणीतल्या ओल्या मातीत आपसूक नेचा म्हणजे फर्न उगवला. बाहेर लंडनच्या कोळशाच्या धुरात त्यांचे नेचे मरत होते आणि हा आत टुणटुणीत. त्यावरून त्यांनी काचेच्या पेट्या बनवल्या आणि पुढे १८५० च्या आसपास रॉबर्ट फॉर्च्यून याने चीनमधून चहाची रोपं त्याच पेट्यांतून हिमालयाच्या पायथ्याच्या मळ्यांत आणली. म्हणजे आपल्या चहाचे धागे कुठेतरी काचेच्या भांड्यातल्या झाडापर्यंत पोचतात, सकाळी कप हातात असताना हे आठवायला मजा येते.

आता कृती. तळाला भोक नाही हे सतत डोक्यात ठेवायचं, बाकी सगळं त्यावरून ठरतं. खाली बोटाच्या दोन पेरांएवढी खडी, बाऊलमधलेच जुने खडे धुऊन चालतात, पण ते पोपटी आणि गुलाबी असतील तर माझ्या डोळ्यांना त्रास होतो म्हणून मी साधी नदीची बारीक खडी घेते. त्यावर लाकडी कोळशाच्या तुकड्यांचा पातळ थर, याने कुबट वास धरत नाही. आमच्या इथला इस्त्रीवाला अजून कोळशाची इस्त्री वापरतो, त्याच्याकडून मूठभर मिळतो. बार्बेक्यूचे तयार गट्टू घेऊ नका, ते पेटावेत म्हणून त्यात काय काय घातलेलं असतं. त्यावर मच्छरदाणीच्या जाळीचा गोल कापलेला तुकडा, म्हणजे माती खाली उतरून खडीत चिखल होत नाही. मग माती, दोन भाग कोकोपीट (नारळाच्या शेंड्यांचा भुसा), एक भाग बागेची माती, अगदी थोडं गांडूळखत. माती हाताने टाकलीत तर काच आतून बरबटते आणि मग ती पुसणं म्हणजे शिक्षा, म्हणून वर्तमानपत्राचं नरसाळं करून त्यातून सोडायची.

झाडं लावायला हात आत नीट वळत नाही, वळवलाच तर पान तरी मोडतं नाहीतर काच तरी. लोणच्याचा लांब दांड्याचा चमचा आणि चायनीजबरोबर येणाऱ्या त्या दोन काड्या, एवढ्यावर काम होतं. चमच्याने खड्डा, काड्यांनी रोप धरून सोडायचं, मग चमच्याच्या पाठीने माती दाबायची. नर्सरीत फिटोनिया, पिलिया, सेलाजिनेला, छोटा नेचा असं मागा, ही सगळी ओलाव्यात खूश असणारी मंडळी आहेत. वरचं हिरवं मॉस विकत घ्यायची गरज नाही, श्रावणात कंपाउंडच्या भिंतीवर जो हिरवा गालिचा येतो तो सुरीने अलगद सोलून काढायचा, घरी आणून मातीवर दाबायचा आणि फवारा मारायचा. जंगलातून, गडावरून ओरबाडून आणू नका, भिंतीवरचं भरपूर असतं.

आणि कॅक्टस, सक्युलंट (जाड रसाळ पानांची झाडं) लावू नका. दर तिसऱ्या फोटोत काचेच्या बाऊलमध्ये तेच असतात, ते कुठल्यातरी कोरड्या हवेच्या गावात काढलेले फोटो. मुंबई-ठाणे-रत्नागिरीच्या जुलैमध्ये, भोक नसलेल्या भांड्यात, सक्युलंट बुडापासून पाणी होऊन बसतो. नगर-सोलापूरकडे कदाचित उन्हाळ्यापुरते टिकतील, पण पाणी चमच्याने मोजूनच.

पाणी ओतायचं नाही, फवारायचं. काचेतून खाली खडी दिसते हाच मोठा फायदा, खडीत पाणी साठलेलं दिसलं की फवारा बंद. काचेवर सकाळी थोडं धुकं येऊन दुपारी गेलं तर सगळं ठीक, दिवसभर धुकं राहिलं तर पंख्याची हवा लागेल अशा जागी ठेवा. उजेड हवा पण ऊन थेट नको, काचेत उन्हाने झाडं अक्षरशः वाफवली जातात.

उन्हावरून आठवलं, पाण्याने भरलेला गोल बाऊल खिडकीत उन्हात कधीच ठेवू नका. रिकामा असताना काही होत नाही, पण पाणी भरलं की तो चक्क भिंग होतो, उन्हाचा ठिपका एका जागी गोळा करतो आणि तो ठिपका पडद्यावर नाहीतर रद्दीच्या गठ्ठ्यावर पडला तर आग लागू शकते. खरं वाटत नसेल तर गच्चीत ऊन असताना पाण्याने भरलेला बाऊल धरून मागे कागद पुढेमागे करून बघा, बादलीभर पाणी शेजारी ठेवून. मुलांना भिंग शिकवायला याहून स्वस्त प्रयोग नाही.

दिवाळीत बाऊल सगळ्यात सुंदर दिसतो हे मान्य. उरळीचं, म्हणजे पाणी-फुलं ठेवायच्या पसरट भांड्याचं फॅड आलंय, पितळेच्या उरळीला हजारो रुपये मोजण्यापेक्षा बाऊलमध्ये पाणी, झेंडूच्या पाकळ्या, शेवंतीची दोन फुलं आणि पाण्यावरचा दिवा. पाणी अर्ध्यापर्यंतच, म्हणजे बरोबर जिथे बाऊल सगळ्यात रुंद आहे तिथपर्यंत, आणि दिवा मध्यभागी एकच, म्हणजे ज्योत काचेपासून लांब राहते. गळ्यापर्यंत पाणी भरून दिवा काठाला चिकटला की काच एका बाजूने तापते, दुसऱ्या बाजूने गार असते आणि तडकते. तेवढी कटकट नको असेल तर बारीक तारेची एलईडी माळ आत सोडा, बॅटरीचा डबा बाहेर. पण नुसती माळ गुंता करून आत कोंबली की ती बिघडलेल्या इलेक्ट्रॉनिक्ससारखी दिसते हे मी स्पष्ट सांगते, खाली हिरव्या काचेच्या गोट्या नाहीतर शिंपले टाका आणि माळ त्यातून फिरवा. शिंपल्यांचं म्हणाल तर गुहागर-हर्णैच्या किनाऱ्यावर भरतीनंतर पडलेले साधे रिकामे शिंपले पुष्कळ मिळतात, मोठे मोठे शंख मात्र विकत घेऊ नका, काही जाती वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहेत.

गणपतीत एक वेगळंच प्रकरण झालं. लेकीने कार्यशाळेत शाडूचा चार बोटं उंचीचा गणपती केला होता, आणि तिला तो विरघळताना बघायचा होता, बादलीत काही दिसत नाही म्हणे. बाऊलच्या तोंडातून तो बरोबर आत जात होता. सासूबाईंनी बाऊल बघितला आणि म्हणाल्या, "अगं, माशांच्या भांड्यात बाप्पा?" मी म्हटलं, "आई, घासून-पुसून घेतलाय, नको असेल तर दुसरं काही बघते." त्या जरा थांबल्या, काहीतरी मनातल्या मनात पडताळलं आणि म्हणाल्या, "राहू दे. मत्स्यावतार आहेच की." झालं, संमती. आरती झाली, मूर्ती आत गेली, आणि पोरं पुढचे दोन तास तिथून हलली नाहीत. आधी बारीक बुडबुडे निघतात, मग कान सुटतात, सोंड खचते, मग पोट हळूहळू पसरतं आणि शेवटी तळाला शाडूचा मऊ गाळ. तो निवळल्यावर वरचं पाणी झाडांना, गाळ वाळवून पुढच्या वर्षीसाठी डब्यात. ही गंमत फक्त शाडूची. पीओपी पाण्यात दिवसच्या दिवस तसंच राहतं, आणि त्याला विरघळवायला पुण्याच्या एनसीएलने (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने) काढलेली अमोनियम बायकार्बोनेटची पद्धत आहे ती बादलीत आणि मोकळ्या हवेत करायची, वास येतो.

काय करू नका यात पहिलं म्हणजे खाणं. हॉटेलवाले बाऊलमधून सरबतं देतात ते बघून पार्टीला सोलकढी त्यात करू नका. माशाला बुरशी झाली की आपण त्यात मिथिलीन ब्लू, मॅलाकाइट ग्रीन असली औषधं घातलेली असतात, आणि शेजाऱ्याने दिलेल्या बाऊलमध्ये काय घातलं होतं हे त्यालाही आठवत नाही. गोळ्या-चॉकलेटं कागदातली ठेवा, सुटं काही नको. दुसरं, खाली भोक पाडून झुंबर करायचे व्हिडिओ आहेत, त्याला डायमंडचा बिट लागतो, सतत पाणी सोडावं लागतं आणि तरीही काच फुटते. किल्ल्या, नाणी, बटणं ठेवायला बाऊल बरा असं सगळे सांगतात, पण तळातली गोष्ट हवी असेल तर पूर्ण बाऊल उपडा करावा लागतो, त्यापेक्षा ताटली बरी.

उपडा म्हटलं तर तेवढं एक राहिलंच. मोगऱ्याची किंवा गुलाबाची फांदी लावलीये आणि ती सुकून जाते अशी तक्रार असेल तर कुंडीवर बाऊल उपडा घाला. पेन्सिलच्या जाडीची वीतभर फांदी घ्यायची, खालची पानं काढायची, वर दोन-तीन ठेवायची, ओल्या मातीत खोचायची आणि वरून बाऊल झाकायचा. आत ओलावा धरून राहतो, फांदीला मुळं नसतात तोवर पानांतून पाणी उडून जात नाही. दिवसातून एकदा पाच मिनिटं उघडून हवा द्या नाहीतर बुरशी येते, आणि कुंडी सावलीत ठेवा. नवी पानं फुटायला लागली की बाऊल रोज थोडा जास्त वेळ बाजूला ठेवत सवय करायची. फक्त बाऊलच्या तोंडापेक्षा कुंडी मोठी हवी, म्हणजे काठ मातीत नीट टेकतो, आणि मांजर असेल तर वर एक वीट ठेवू नका, बाऊल फुटेल, मांजरालाच आत घ्या.